चौथं बटन

"अक्षरं अजून मोठी करा, भूपेशभाई," एस्तेर म्हणाली. "आईला वाचता आली पाहिजेत."

भूपेशनं कॉम्प्युटरवर 'बाप्तिस्मा' ओढून चांगलं थोराड केलं. नवापुरात आता डीव्हीडी बनवून मागणारं उरलंय कोण? सगळा जमाना मोबाईलचा. पण एस्तेरची आई प्रिस्किलाबाई मोबाईलला हात लावत नव्हती. घरात जुना प्लेअर होता, त्याचा रिमोट तेवढा तिला जमायचा. म्हणून गेले तीन बुधवार एस्तेर पिशवीभर कॅसेटी आणि फोटो घेऊन भूपेशच्या स्टुडिओत येऊन बसत होती.

डिस्क लावली की पडद्यावर चार बटनं येणार. बाप्तिस्मा, शाळा, नाताळ. चौथं कोरं.

"त्यावर काय लिहू?"

"नंतर कळवते. ते शूटिंग व्हायचंय अजून."

भूपेश खुर्चीसकट वळला. "हात् तिच्या! लगन ठरनं वाटस तुन्हं, एस्तेरबेन!"

एस्तेर हसली. "तसंच समजा. घर सोडून जायचंच आहे."

"लांब शे का?"

"लांबच. आई एकटी पडेल. भाऊ सॅम्युअल आहे म्हणा, पण तो दिवसभर शेतात. ती टीव्हीपुढं बसली की जेवायचंसुद्धा विसरते." बोलता बोलता तिनं उगाच स्कार्फ सारखा केला. स्कूटीवर फिरणाऱ्या पोरींचा स्कार्फ काही डोक्यावरून सुटत नाही, पंख्याखाली बसल्या तरी.

भूपेशला गलबलून आलं. त्याची बहीण भाविका सासरी गेली, तेव्हा त्याची आईही आठ दिवस ताटावरून उठून जायची.

"चौथ्या बटनाला सोनेरी अक्षरं देतो. झगमग करतील अशी!"

"नको हो. पांढरी. साधी."

चर्चमधलं लग्न, नवरी पांढऱ्यातच असते. भूपेशला पटलं.

"शूटिंगला तुम्हीच याल ना? दुसरं कोणी नको. ओळखीचा माणूस असला की आईला बरं वाटेल."

"मी नही येसू तं कोन येई?"

तिनं घड्याळ पाहिलं. सुरतची गाडी गाठायची होती. दर बुधवारी गाठायची असे. तिकडं नोकरी असेल, भूपेशला वाटे. निम्मं नवापूर सुरतेलाच तर जातं. पायऱ्या उतरताना ती दोनदा थांबली. फोन बघत असावी.

पुढचे दोन बुधवार ती फिरकलीच नाही. लग्नघाई, दुसरं काय! भूपेशनं मग थोडं मनाचंच केलं. बटन पांढरं ठेवलं, पण डिस्कच्या डबीवर सोनेरी अक्षरांत छापून टाकलं, 'एस्तेरचं लग्न'. आपल्याकडून भेट. रागावली तर रागावली पोरगी.

गुरुवारी संध्याकाळी सॅम्युअलचा फोन आला. "उद्या अकराला चर्चमध्ये या. कॅमेरा आणा. ताईनं तुमचंच नाव सांगून ठेवलंय." एवढं बोलून त्यानं फोन ठेवलाही.

"ना पत्रिका, ना आवतन! नवरदेवले रजा नही भेटनी व्हई," भूपेश बायकोला म्हणाला आणि ठेवणीतला शर्ट इस्त्रीला काढला.

चर्चच्या पायरीवर सॅम्युअल उभा होता. डोळे सुजलेले. बहिणीची पाठवणी, भाऊ रडणारच. त्यानं घडी घातलेला कागद भूपेशच्या हातात दिला. अक्षर एस्तेरचं होतं.

'भूपेशभाई, चौथ्या बटनावर पांढऱ्या, मोठ्या अक्षरांत लिहा: आई, पुरे आता. टीव्ही बंद कर आणि जेवून घे.'

भूपेशचे डोळे भरून आले. काय माया पोरीची! कागद खिशात घालून, सोनेरी डबी हातात धरून तो आत शिरला.

वेदीपुढं शवपेटी होती. पेटीत पांढऱ्या झग्यात एस्तेर होती, आणि पांढऱ्या जाळीखाली तिच्या डोक्यावर एकही केस नव्हता.