सलामीचा हात

"पॉवर वाढव! पाहुण्यांना पडद्यावर हे मरतुकडे ठिपके दाखवू?" संचालक खेकसले.

"सर, चिप तापली तर वस्तादांचा मेंदू भाजेल," इंजिनिअर रुबिना म्हणाली.

आंधळ्या वस्तादांनी डोक्यावरची टोपी ओरबाडून काढली. तिच्यातूनच मेंदूतल्या चिपला बिनतारी वीज मिळायची आणि टोपीवरच्या कॅमेऱ्यासमोरचं दृश्य चिप त्यांना ठिपक्यांनी दाखवायची.

"डोकं माझंय, साहेब! टाळ्यांची हौस असेल तर स्वतःचं भाजा. पोरी, तू सोड वीज, बेतानं."

रुबिनाने टोपी पुन्हा त्यांच्या डोक्यावर चढवली. काळोखात ठिपके लुकलुकले. अंधुकच होते, पण सरकत सरकत जवळ आले आणि त्यांतून एक पंजा उमटला. आखाड्यात कुस्तीआधी जन्मभर असाच पंजा वस्तादांसमोर आला होता.

"अगं, सलामीला डावा हात देतात होय?" गरजत त्यांनी तो पहिल्याच झेपेत पकडला.

"उजवा वीज तोडायच्या बटणावर आहे, वस्ताद," रुबिना रडत हसली. "तिथून तो हलणार नाही."