अलीमियाँचा झुकाव

ओटीवर खुर्च्या चार होत्या आणि माणसं तीन: अलीमियाँ, त्यांची सून काशिफा आणि मी. चौथी खुर्ची मुसअबची, म्हणजे काशिफाच्या नवऱ्याची. तो बोट घेऊन परवा समुद्रात गेला होता आणि काल दुपारी परतायला हवा होता.

बायपासच्या वेळी अलीमियाँच्या हृदयावर तांदळाच्या दाण्याएवढा सेन्सर बसवला होता. तो हृदयाची हालचाल मोजतो आणि शरीराचा झुकावही. माणूस ताठ बसला की शून्य अंश, आडवा झाला की नव्वद, डोकं खाली पाय वर झाला की एकशे ऐंशी. दर महिन्याला श्रीवर्धनला येऊन या नोंदी टॅबवर उतरवून घेणं हे माझं काम.

ठोके मिनिटाला बाहत्तर होते. झुकाव मात्र डावीकडे बारा अंश, मग उजवीकडे बारा, दर सहा सेकंदांनी. अलीमियाँ ताठ बसून चहा पीत होते. कपातला चहा हलत नव्हता.

"चाचा, परवापासून तुम्ही सारखे डुलताय असं दिसतंय."

"बोटीवर पाय ठेवायला तुझ्या डॉक्टरानंच बंदी केलीय, पोरी. कोण डुलतंय ते त्यालाच विचार."

मी जोडणी तोडली आणि पुन्हा जोडली. आता अठरा अंश.

काशिफाने मुसअबला फोन लावला. "लागत न्हाय," ती म्हणाली आणि टॅबवर वाकली. "आता किती?"

"एकतीस."

"वारा न्हाय, काय न्हाय," अलीमियाँ समुद्राकडे बघत म्हणाले. "येईल तो."

साठ. नव्वद.

अकरा बेचाळीसला आकडा स्थिर झाला. ठोके बाहत्तर, झुकाव एकशे ऐंशी अंश.