व्हाळाची अट

बांधकामाचा परवाना आता व्हाळ, म्हणजे गावचा ओढा, स्वतःच देई. तळाशी पुरलेल्या यंत्रांना पाण्यातलं आणि पाण्यावरचं सगळं कळे, आणि काठावरच्या खांबातून व्हाळ बोले. दर वर्षीच्या लाकडी साकवाऐवजी पक्का पूल हवा, म्हणून शेवंता परब नकाशा घेऊन आली होती.

“दोन्ही बाजूंना कठडा घाला,” व्हाळ म्हणाला.

“एवढ्याशा पुलाला?”

“सात वर्षांपूर्वी, तुळशीच्या लग्नादिवशी, अवकाळी पावसात एक माणूस साकवावरून पडला आणि वाहून गेला.”

शेवंताने खांब धरला. त्याच दिवसापासून तिचा नवरा बेपत्ता होता. त्याने मुंबईत दुसरा घरोबा केला, असं गाव म्हणे.

“आधी का नाही सांगितलंस?”

“लाकडी साकवाला परवाना लागत नाही. कुणी विचारायला आलं नाही.”

तिने नकाशा गुंडाळला.

“ते गाव सोडून जात होते का?”

“नाही. घराकडे येत होते.”