पट्ट्याला न कळलेलं डोलणं

कानातल्या दुखण्याने तोल बिघडल्यापासून वैदेहीच्या कमरेला, तोल ढळला की लाल होणारा सेन्सरचा पट्टा होता. तो हिरवा राहिल्याशिवाय लेकीला एकटीने उचलायचं नाही, असा नियम. दोन महिन्यांच्या व्यायामानंतर आज परीक्षा होती. नुसती चालली, तेव्हा पट्टा हिरवा राहिला. रडणाऱ्या चिमीला घेतलं मात्र, तो लाल होऊन थरथरला.

"अजून डोलताय तुम्ही," व्यायाम शिकवणाऱ्या तांबोळी मॅडम म्हणाल्या.

वैदेहीचे डोळे भरले. सासूबाई फणकारल्या, "अहो, रडतं पोर घेऊन खांबासारखं कोण उभं राहतं? तुम्हीच बांधून बघा की!"

मॅडमनी हसत पट्टा बांधला, चिमीला खांद्यावर घेतलं. "उगी, उगी," म्हणत त्या डोलू लागल्या आणि पट्टा लाल.

त्यांनी चिमीला वैदेहीच्या हातात दिलं. "घेऊन जा. आता पट्ट्यालाच शिकवते."