शेजारी कुणी आहे ना?

शिंप्याने साठाव्या वर्षी डर्टबाइक घेतली आणि पुस्तिकेतल्या मदतकेंद्राला फोन लावून स्पीकरवर ठेवला. “पहिल्यांदा एकट्याने सुरू करू नका, काका. शेजारी कुणी आहे ना?” पलीकडच्या मुलीने विचारलं. “आहे की,” म्हणत त्याने दुकानातला पुतळा अंगणात आणला. “हेल्मेट?” “घातलंय.” पुतळ्याने घातलं होतं, त्यामुळे अगदीच खोटं नव्हतं. गाडी न्यूट्रलमध्ये आणून, चोक ओढून त्याने किक मारली, आणि मेली पहिल्याच फटक्यात सुरू झाली. “वा काका! ठेवू फोन?” त्याने हँडलवरचं लाल बटण हळूच दाबलं. “बंद पडली हो.” “काका, तुम्हीच बंद केलीत ना?” शिंप्याने पुतळ्याकडे पाहिलं; तोही मदतीला येईना. “असू दे,” ती म्हणाली, “मलाही सकाळपासून एकच फोन आलाय. चला, पहिल्यापासून. हेल्मेट?” त्याने पुतळ्याचं उतरवून स्वतः घातलं.