चाकावरचा बेडूक

“थिनर ओतू का? एका फटक्यात निघतील सगळे स्टिकर,” धाकटी म्हणाली.

“ओत की! होऊ दे चाकाचं वाटोळं. कार्बनचं आहे हे, थिनर वरचा थरच खाऊन टाकतो.” ताईने हातमोजे चढवले. “उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! जा, आधी खिडकी उघड.”

दुकान ताईचं. चार वर्षांपूर्वी उतारावर पडून तिच्या शर्यती संपल्या, तेव्हापासून ती इथे दुसऱ्यांच्या सायकली नीट करत होती. शर्यती आता धाकटी करायची. उद्या तिची पहिली मोठी शर्यत, आणि आज भर दुपारी बाईसाहेब कुठूनशी जुनी चाकं घेऊन उगवल्या होत्या. तीन वाजता सायकलींची तपासणी आहे, म्हणाली. चाकावर दुसऱ्या क्लबाचं नाव चालत नाही. स्टिकर त्याच्या आत निघायला हवेत.

ताईने ड्रायरची कोमट हवा सोडली, स्टिकरचं टोक नखाने उचललं आणि जुनं प्लास्टिकचं कार्ड खालून सरकवत नेलं. मग ड्रायर बंद करून लांब ठेवला. त्याशिवाय स्पिरिटच्या बाटलीचं झाकण उघडायचं नाही, हा तिचा दुकानातला कायदाच होता. उरलेल्या चिकट्यावर तेलाचं बोट, मग फडकं. ब्रेक घासतो त्या पट्टीला मात्र तेलाचा थेंबही नाही, तिथे नुसतं स्पिरिट, तेही फडक्यावर घेऊन. हे सगळं ती झोपेतही करू शकली असती. आज मात्र ती एकेका स्टिकरला दुप्पट वेळ लावत होती.

“किती गं वेळ!” धाकटी दारापासून घड्याळापर्यंत येरझाऱ्या घालत होती. “अडीच झाले.”

“नाचू नकोस माझ्या डोक्यावर.”

पुढचं चाक झालं. मागच्यावरचे चार स्टिकरही निघाले. राहिला एक. अंगठ्याएवढा हिरवा बेडूक, वहीवर लावतात तसला, हवा भरायच्या तोंडाशेजारी चिकटलेला. चाकं दारातून आत आली तेव्हाच ताईला तो दिसला होता आणि तिने तो मुद्दाम शेवटी ठेवला होता.

तो तिनेच लावला होता. पडली त्या दिवशी चाकाला केसाएवढी चीर गेली होती. असलं चाक मोडून फेकायचं असतं, एवढं कुणीही सांगेल. पण तेव्हा ती साऱ्या जगावर चिडलेली होती. क्लबातले एक मास्तर चाकं विकत मागायला आले. तिने धाकटीच्या दप्तरातून बेडूक काढला, चिरेवर दाबून बसवला आणि हसत म्हणाली, “बहिणीचा उद्योग आहे, राहू द्या.” महिन्याभरात मास्तर गाव सोडून गेले. त्यांचा पत्ता शोधायची हिंमत तिला कधी झाली नाही. चार वर्षं, रस्त्यावर काही धडामकन पडलं, की हातातलं काम टाकून ती दाराकडे धावायची.

आणि आज तेच चाक फिरून घरी आलं होतं. उद्या त्याच उतारावर, त्याच चाकावर, तिची सख्खी बहीण!

“ही चाकं नकोतच तुला,” ताई एकदम म्हणाली. “बेअरिंग वाजतंय.”

धाकटीने चाक उचलून गर्रकन फिरवलं. दोघी ऐकत राहिल्या. चाक लोण्यासारखं फिरत होतं.

“कुठे वाजतंय?”

ताईने चाक परत आपल्याकडे ओढून घेतलं. दुसरं खोटं शोधावं तर सापडेना. चार वर्षं ज्या बहिणीला ‘खरं बोल’ म्हणून दटावलं, तिच्यासमोर कुठल्या तोंडाने सांगायचं?

“पावणेतीन,” धाकटी म्हणाली. “बेडूक राहू दे, ताई. त्याच्यावर कुठे कुणाचं नाव आहे? दे, निघते मी.”

तिने चाकाला हात घातला. ताईने ते सोडलं नाही. क्षणभर दोघी चाक धरून उभ्या राहिल्या. मग ताईने ते हिसकावून घेतलं, टेबलावर आडवं टाकलं आणि ड्रायर लावला. कोंबडं झाकून का कुठे उजाडायचं थांबतं! बेडकाचा एक पाय सुटला, मग दुसरा. तेल नाही, स्पिरिट नाही, तिने तो सरळ ओढून काढला.

काळ्या चाकावर बारीक पांढरी रेघ होती. चांगली बोटभर वाढली होती.

“चीर आहे,” ताई म्हणाली. “मला ठाऊक होतं. मीच झाकली होती आणि तशीच विकली. वाट्टेल ते बोल मला, पण ह्याच्यावर बसू नकोस.” आणि ती तिथेच जमिनीवर बसली. लहान मुलीसारखी रडायला लागली.

धाकटीने घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही. भिंतीवरची करवत काढून तिने टेबलावर, चाकाशेजारी ठेवली. मग ताईच्या शेजारी फतकल मारून बसली.

“तपासणी सकाळीच झाली, ताई. माझ्या सायकलीला माझीच चाकं आहेत. ही मी मुद्दाम मास्तरांना गाठून परत आणली, थोडे दिवस चालवून त्यांनी माळ्यावर टाकली होती.” तिने ताईच्या बोटाला चिकटलेला बेडूक अलगद सोडवून घेतला. “तू हा लावत होतीस ना, तेव्हा मी दारातच उभी होते. आणि मीही तोंड उघडलं नाही.”