रद्द झालेला आकडा

आईच्या रक्ताच्या अहवालातील मूत्रपिंडाचा आकडा ७.८ होता, १.२ च्या पुढे धोका. गणिताच्या निवृत्त शिक्षिका असलेल्या आईने तो एकदाच वाचला आणि किल्ल्या लेकीला सोपवण्यासाठी कपाट आवरायला घेतले.

प्रयोगशाळेचे अहवाल छापणारा प्रोग्राम लेकीनेच लिहिला होता. यंत्राकडून आलेला मूळ मजकूर तिने उघडला. त्यात प्रत्येक आकड्याच्या मागे-पुढे कंसात त्याचे नाव असते. ते नाव शोधून मधला आकडा उचलायचा, एवढेच प्रोग्रामचे काम.

आईच्या मूत्रपिंडाच्या चाचणीखाली ‘निकाल’ हे नाव दोनदा होते. पहिल्यात ७.८, आणि लगत शेरा: नमुना अपुरा, चाचणी रद्द. दुसऱ्यात ०.९.

“आई, त्या किल्ल्या माझ्या हातात देऊ नकोस. तुझी चाचणी दोनदा झाली होती. प्रोग्रामने पहिला निकाल दिसताच उचलला, पुढे पाहिलंच नाही.”

“एक उत्तर सापडलं की वही मिटायची, ही तुझी शाळेपासूनची खोड! म्हणजे चूक तुझी?”

“सपशेल माझी.”

आई कपड्यांच्या ढिगातच मटकन बसली आणि डोळे पुसत हसू लागली.

“जन्मभर तुझ्या चुकांवर लाल रेघा ओढल्या, आजच्या चुकीला पैकीच्या पैकी गुण!” मग एकदम थांबून ती म्हणाली, “आता आधी प्रयोगशाळेत फोन लाव. आणखी कुणाची तरी आई या घटकेला कपाट आवरत असेल.”